पियानो, खालच्या मजल्यावरून

हेडफोन लावून वाजवला की डिजिटल पियानोचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना काडीचा त्रास होत नाही, असं दुकानदार सांगतात. दुकानदार तळमजल्यावर बसतात आणि त्यांच्या डोक्यावर बहुधा गोदाम असतं. सूर वायरीतून वाजवणाऱ्याच्या कानात जातात हे खरं. पण पट्टी तळाला आपटल्याचा आवाज स्टँडच्या पायांतून लादीत, लादीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून थेट आमच्या दिवाणखान्यात उतरतो. मी शोपँ भरपूर ऐकला आहे, पण तो असा, सुरांशिवाय.

दादरच्या आमच्या सोसायटीत बरोबर वरच्या घरात वाजवणारे दोघे आहेत, आजोबा आणि नात. आजोबा राष्ट्रीयीकृत बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. त्याला बरीच वर्षं लोटली तरी सोसायटीत त्यांना मॅनेजरसाहेबच म्हणतात, कारण वार्षिक सभेत ताळेबंदावर शंका काढणारे तेवढे एकच. ते पियानो शिकतात इंटरनेटवरून. नात आठवीत आहे, ती शिकते माहीमच्या एका मिसकडे. वाद्य एक, बैठक एक, स्लॅब एक, फक्त शिकवणारे वेगळे. प्रयोगशाळेत सुद्धा इतकी चोख मांडणी जमत नसेल. आणि निरीक्षक म्हणून खाली आरामखुर्चीत मी, कोणीही न नेमलेला. संगीत वजा केल्यावर पियानोवादनात जे उरतं ते तंत्र, आणि माझ्या वाट्याला नेमकं तेवढंच येतं. त्यामुळे 'ऑनलाइन बरं की शिक्षक बरा' या विषयावर बोलण्याचा अधिकार मुंबईत माझ्याइतका फार थोड्यांना असेल.

हा अधिकार नुसता डोकेदुखीतून आलेला नाही. शेजारधर्म माणसाला काय काय वाचायला लावतो! फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या पदरी वाद्यांची देखभाल करणारा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचा कारागीर होता. त्याने 1700 च्या सुमारास पियानो बनवला. त्यातली खरी करामत अशी की, पट्टी दाबली की आतली हातोडी तारेकडे फेकली जाते आणि तारेला लागण्याच्या किंचित आधी पट्टीपासून सुटते. त्या क्षणी तिचा जो वेग असेल तो असेल, त्यावर सूर मोठा की लहान हे ठरलं. पट्टीचा सगळा प्रवास जेमतेम 10 मिलिमीटरचा. सूर निघाल्यावर तुम्ही पट्टी तळाशी कितीही रगडा, अगदी दात-ओठ खाऊन रगडा, त्या सुरात काडीचा फरक पडत नाही. डिजिटल पियानोत तारा नसतात, पण पट्टीखालचे सेन्सर मोजतात तोही वेगच. म्हणजे लावलेल्या जोरापैकी जो कामी आला तो सुरात गेला, आणि जो वाया गेला तो लाकडात. आमच्या स्लॅबमधून जे उतरतं ते सगळं वाया गेलेलं असतं. वरच्या घरातल्या नुकसानीचा रोजचा हिशेब माझ्याकडे अचूक आहे.

मॅनेजरसाहेबांना पियानोचं वेड लागलं ते हिंदी सिनेमामुळे. 'अंदाज'मध्ये, 1949 साली, दिलीपकुमार पियानोपाशी बसला. 'ब्रह्मचारी'मध्ये, 1968 साली, शम्मी कपूर बसला. मधल्या काळात कोण कोण बसलं त्याची यादी मॅनेजरसाहेबांना तोंडपाठ आहे. पार्टी चाललेली असते, नायक उदास असतो, तो सहज पियानोकडे वळतो आणि वाजवत वाजवत अख्खं गाणं म्हणतो, तेही बोटांकडे न बघता, जिन्यावर उभ्या असलेल्या नायिकेकडे बघत. हिंदी सिनेमातला एकही नायक पियानोच्या क्लासला जाताना दाखवलेला नाही. क्रिकेट, कुस्ती, मोटार हे सगळं तो शिकतो. पियानो मात्र त्याला जन्मतः येतो. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर शिक्षक शोधावा अशी अपेक्षा करणंच चूक आहे.

शिवाय त्यांना पेटी येत होती. लहानपणी गावी भजनी मंडळात ते पेटीवर बसायचे. काळी दोनमध्ये अभंग धरायला सांगा, डोळे मिटून धरतील. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ओळख झालेलीच आहे, आता फक्त जागा वाढली, अशी त्यांची समजूत. पण पेटीने दिलेला वारसा पियानोवर उलटा पडतो. पेटीत आवाजाचा जोर भात्यात असतो, बोटात नसतो. बोटाचं काम पट्टी दाबून धरण्याचं. हवा आहे तोवर सूर आहे. पियानोचा सूर जन्मला की लगेच विरायला लागतो आणि तुम्ही पट्टी दाबून बसलात म्हणून थांबत नाही. मॅनेजरसाहेब ती दाबून बसतात. त्यांच्या डाव्या हाताची तर कहाणीच आहे. त्याने आयुष्यभर भाता मारला. पियानोवर त्याला अचानक पाच बोटांचं स्वतंत्र काम आलं. वहिनी सांगतात की पहिले काही दिवस तो हात पट्ट्या सोडून हवेतच मागेपुढे व्हायचा, आणि उजव्या हाताला ताण पडला की अजूनही होतो.

आता त्यांचे गुरू. त्यांना एक गुरू नाही. एक रशियन बाई आहेत, एक अमेरिकन तरुण आहे, एक कोरियन गृहस्थ आहेत जे बोलतच नाहीत, नुसते वाजवतात. शिवाय टॅबवर एक ॲप आहे, ज्यात वरून रंगीत कांड्या पडत असतात आणि त्या खाली टेकायच्या क्षणी ती ती पट्टी दाबायची. कांडी वेळेवर पकडली की पडद्यावर हिरव्या अक्षरांत शाबासकी येते. ही शाबासकी मॅनेजरसाहेबांना रोज मिळते. बँकेत इतक्या वर्षांत मिळाली नव्हती, असं ते स्वतःच म्हणतात. त्या ॲपला दोनच गोष्टी कळतात: कोणती पट्टी दाबली आणि कधी दाबली. कशी दाबली हे त्याला कळत नाही. बोटाने दाबा, कोपराने दाबा, मांजर चालवा, शाबासकी तीच. मला मात्र फरक लगेच कळतो.

रशियन बाई उत्तम वाजवतात आणि उत्तम शिकवतात यात शंका नाही. मी मॅनेजरसाहेबांच्या आग्रहावरून त्यांचे दोन-तीन व्हिडिओ पाहिलेत. पण या व्हिडिओंत बहुतेक वेळा कॅमेरा वर टांगलेला असतो आणि हात आकाशातून दिसतात. कोणतं बोट कोणत्या पट्टीवर गेलं ते स्पष्ट दिसतं, पण मनगट किती खाली गेलं, किती वर आलं, हे वरून कसं दिसणार? पियानोचं तंत्र बहुतेक सगळं खालीवर चालतं, आणि कॅमेरा नेमकी तीच दिशा खाऊन टाकतो. मॅनेजरसाहेबांनी त्या बाईंची बोटं जशीच्या तशी उचलली आहेत. हाताला खांदा असतो आणि तोही वाजवतो, हे त्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेलं नाही, कारण खांदा फ्रेमच्या बाहेर होता.

त्यातही गुरू अनेक असण्याचा फायदा असा की मतभेद झाला की गुरू बदलता येतो. अमेरिकन तरुण म्हणाला, मनगट सैल सोडा. मॅनेजरसाहेबांना ते जमेना. लगेच त्यांनी मनगट स्थिर ठेवा म्हणणारा चौथा गुरू शोधून काढला आणि आपण योग्य मार्गावर असल्याचं मला जिन्यात थांबवून सांगितलं. आपल्यात काय खोट आहे हे ऑनलाइनमध्ये आपणच ठरवतो आणि मग त्यावरचा व्हिडिओ शोधतो. कर्ज मागणाऱ्यानेच स्वतःचा अर्ज तपासून मंजूर करावा, तसा हा प्रकार. बँकेत असते तर मॅनेजरसाहेबांनी त्या फाइलवर लाल शाईने काय लिहिलं असतं याची मला कल्पना आहे.

नातीचा पहिला दिवस वेगळा गेला. माहीमच्या मिस मूळच्या गोव्याच्या घराण्यातल्या. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना सुरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. पुढे तीच मंडळी मुंबईत येऊन हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन वर्षानुवर्षं करणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचेच. म्हणजे मॅनेजरसाहेबांच्या नायकाने ज्याच्यावर हात फिरवल्यासारखं केलं, तो पियानो आणि त्याच्या मागचा सगळा वाद्यमेळा मिसच्या माणसांनीच उभा केलेला. मिसच्या घरी उभा जुना पियानो आहे. माहीमच्या खाऱ्या हवेने पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून आत एक बल्ब कायम जळत ठेवलेला असतो. नात पहिल्यांदा गेली तेव्हा मिसनी तिला पियानोपाशी बसूही दिलं नाही. हात पुढे करायला सांगितले, बघितले, आणि म्हणाल्या, "नखं काप. मग ये."

बस्स. पहिला धडा संपला. येण्याजाण्याचं भाडं फुकट गेलं म्हणून मॅनेजरसाहेब चिडले. पण इंटरनेटवरच्या सगळ्या गुरूंनी मिळून त्यांना जे सांगितलं नव्हतं ते मिसनी एका वाक्यात सांगितलं होतं, कारण त्यांनी नखं पाहिली होती. नख वाढलं की बोट टेकताना सपाट होतं, सपाट बोट घसरतं, घसरू नये म्हणून मनगट ताठ होतं, आणि ताठ मनगटातला जोर खाली आमच्याकडे येतो. मॅनेजरसाहेबांचं उजव्या करंगळीचं नख मात्र लांबच राहिलं. ते त्यांनी बँकेपासून राखलं होतं.

दुसऱ्या खेपेला बैठकीची उंची झाली. मिसनी नातीला बसवलं, कोपर पट्ट्यांच्या पातळीत येतं का ते पाहिलं, आणि येईना म्हणून तिच्याखाली दोन जुनी टेलिफोन डिरेक्टरी सरकवल्या. मग किती तरी आठवडे नुसता हात वरून सोडून द्यायचा. वाजवायचं नाही, सोडायचा. हाताचं वजन पट्टीवर पडू द्यायचं, ढकलायचं नाही. मुलीला वाटलं, मिस वेळ काढतायत. आजोबांना खात्रीच पटली की वेळ काढतायत. ते तोवर दोन्ही हातांनी एका सोप्या वॉल्ट्झपर्यंत पोहोचले होते आणि हिरव्या शाबासक्यांची माळ झाली होती. खाली मला मात्र मुलीचा आवाज हळूहळू कमी येऊ लागला. आधी मला वाटलं, हिने शिकणं सोडलं. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "सोडलं कुठे? आता तर तास-तासभर बसते."

मिसची फीही नातीने मला सविस्तर सांगितली आहे, पण ती इथे लिहीत नाही. ॲपच्या वर्गणीशी तुलना करून मॅनेजरसाहेब तिचा तक्ता करतील. तक्त्यात एक रकाना त्यांना भरता येणार नाही. क्लास गुरुवारी असतो. बुधवारी संध्याकाळी मुलगी जितकी वाजवते तितकी बाकी सगळे दिवस मिळून वाजवत नाही. ॲप महिनाभर उघडलं नाही तर एक रडकी सूचना पाठवतं. मिस सूचना पाठवत नाहीत. नुसतं बघतात.

मिसचा कान ही वेगळीच वस्तू आहे. त्या विद्यार्थ्याशेजारी बसतातच असं नाही. कधी खिडकीशी उभ्या असतात, कधी स्वयंपाकघरात सोर्पोतेलला फोडणी देत असतात. तिथून हाक येते, "फोर्थ! फोर्थ फिंगर वापर, थर्ड नाय!" भिंतीपलीकडून बोट कसं कळतं? मुलीला हा चमत्कार वाटतो. मला वाटत नाही, कारण आता मलाही कळतं. सी मेजर या सरगमाचं उदाहरण घ्या. उजव्या हाताने चढताना अंगठा, दुसरं, तिसरं, मग अंगठा खालून जाऊन पुन्हा पहिल्यापासून. अंगठा आखूड आणि जड. तो खालून जाताना हात कलतो आणि चौथ्या सुरावर आदळतो. मॅनेजरसाहेबांचं सरगम खाली असं येतं: टक टक टक ठक्, टक टक टक टक. तो मधला ठक् त्यांच्या हेडफोनमध्येही येत असणारच. पण आपला ठक् आपल्याला ऐकू येत नाही, याला विज्ञानात काही नाव असेल तर असो. आमच्या घरात याला 'मॅनेजरसाहेब आले' म्हणतात.

शोपँ स्वतः शिकवायचा तेव्हा सी मेजरपासून सुरुवात करत नसे. वाचायला ते सरगम सगळ्यांत सोपं, पण हाताला सगळ्यांत अवघड, कारण सगळ्या पट्ट्या एका सपाटीवर. तो आधी बी मेजर द्यायचा. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सात: त्यात पाचही काळ्या येतात, लांब बोटं उंच काळ्यांवर आपसूक बसतात आणि आखूड अंगठा खाली पांढरीवर येतो. हाताची घडण आधी पाहायची आणि मग सरगम निवडायचं, असा त्याचा हिशेब. हे मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की ॲपमध्ये बी मेजर सशुल्क आहे.

एवढं ऐकून कोणी मला शिक्षकांचा भाट समजू नये. पियानोच्या शिक्षकांनी इतिहासात जे उद्योग करून ठेवलेत ते पाहता मॅनेजरसाहेबांचं कोरियन मौनच बरं वाटतं. डब्लिनच्या योहान बर्नहार्ड लोगियेने 1814 साली एका यंत्राचं पेटंट घेतलं. पट्ट्यांसमोर दोन आडवे दांडे, त्यांच्यामध्ये मनगट अडकवायचं. बोटांसाठी धातूचे वेगवेगळे कप्पे. हात हलायलाच नको. हे यंत्र चाललं, नुसतं चाललं नाही तर गाजलं. फ्रेडरिक काल्कब्रेनर हा पॅरिसचा बडा पियानोवादक त्याच्या प्रेमात पडला आणि त्याने त्याची स्वतःची सुधारित आवृत्ती काढली. 1831 साली एकवीस वर्षांचा शोपँ पॅरिसला आला, तेव्हा याच काल्कब्रेनरने त्याला ऐकून सुचवलं की माझ्याकडे तीन वर्षं शीक, मग काहीतरी होईल. शोपँने नम्रपणे नकार दिला आणि आपला एक कॉन्चेर्तो त्याला अर्पण केला. शिक्षकाला टाळण्याचा याहून शिष्ट मार्ग मला माहीत नाही.

नंतर 1873 साली शार्ल-लुई हॅनन नावाच्या फ्रेंच गृहस्थाने साठ व्यायामांचं पुस्तक लिहिलं. सगळी बोटं समान बलवान व्हावीत म्हणून एकच आकृती वर वर सरकवत न्यायची आणि खाली आणायची, रोज; सगळं पुस्तक तासाभरात वाजवून होतं, असं त्याचं म्हणणं. आजही जगभर वाजवतात. मिस ते हातात देत नाहीत, म्हणतात, "बोटं सारखी कशी होणार? देवाने सारखी केली नाय." मॅनेजरसाहेबांना मात्र ते फुकटात डाउनलोड करायला मिळालं. हॅननच्या खालच्या मजल्यावर कोणी राहत नसावं.

मॅनेजरसाहेबांचं हुकमी पान म्हणजे शूमान. रॉबर्ट शूमान मोठा वादक होणार होता, पण तरुणपणीच त्याच्या उजव्या हाताचं बोट निकामी झालं. "शिक्षकाकडे गेला म्हणून!" मॅनेजरसाहेब विजयाने म्हणतात. इतकं सरळ नाही ते. बोट कशामुळे गेलं यावर अजून वाद आहेत, पण बोटाला बळ यावं म्हणून त्याने आपल्या मनाने एक खटाटोपी यंत्र वापरलं होतं, ही गोष्ट बरीच प्रसिद्ध आहे; आणि त्याचे शिक्षक फ्रीडरिक वीक त्या काळात आपल्या गुणी मुलीला, क्लाराला, घेऊन गावोगाव कार्यक्रम करत फिरत असत. म्हणजे शिक्षक घरी असता तर कदाचित वाचला असता. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला हिशेब पुढे कोर्टात मिटला: मुलीचं लग्न लावून द्यायला वीक तयार नव्हते, खटला चालला आणि 1840 मध्ये शूमानने क्लाराशी लग्न केलं. ही बाजू ऐकल्यापासून मॅनेजरसाहेबांनी शूमान काढणं कमी केलं आहे. घरात नात मोठी होतेय.

त्यांच्या बाजूचा खरा मुद्दा मला माहीत आहे, आणि मी त्यांना मुद्दाम पुरवलेला नाही. ड्यूक एलिंग्टन तरुण असताना जेम्स पी. जॉन्सनचं 'कॅरोलिना शाउट' शिकला ते यांत्रिक पियानोवरून. भोकं पाडलेला कागदी रोल फिरायचा आणि पट्ट्या आपोआप खाली जायच्या. एलिंग्टन रोल सावकाश फिरवायचा आणि दबलेल्या पट्ट्यांवर बोटं ठेवत जायचा. फॅट्स वॉलरही तसाच शिकला. शंभर वर्षांपूर्वीचा हा अर्ध्या वेगाने लावलेला व्हिडिओच. किंबहुना सरस, कारण तो तुमच्याच वाद्याच्या पट्ट्या हलवून दाखवायचा. पण पुढची हकीकत अशी की जॉन्सन वॉशिंग्टनला आला तेव्हा मित्रांनी एलिंग्टनला ढकलून त्याच्यासमोर तेच वाजवायला लावलं. आणि वॉलर तर सरळ जॉन्सनचा शिष्य झाला. रोलने दोघांना बोटं दिली आणि दोघेही ती बोटं घेऊन ज्याचा रोल होता त्याच्या कानासमोर जाऊन बसले. त्याही आधी बेथोव्हनच्या शिष्याने आणि लिस्टच्या गुरूने, कार्ल चेर्नीने, एका काल्पनिक मुलीला पत्रं लिहून पियानो शिकवणारं पुस्तक लिहिलं होतं. दूरशिक्षण काही आज निघालेलं नाही. पत्राने कोणाचं मनगट सैल झाल्याचं मात्र ऐकिवात नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मिसही ऑनलाइन गेल्या, तेव्हा मला वाटलं, आता निकाल बरोबरीत सुटणार. मुलगी तेव्हा लहान होती. पहिल्या दिवशी वरच्या घरात फार गोंधळ झाला. व्हिडिओ कॉलच्या ॲपला पियानोचे लांबणारे सूर म्हणजे पंख्याची घरघर वाटायची आणि ते मिटवून टाकायचं. कुकरची शिट्टी मात्र माहीमला स्पष्ट पोहोचायची. ते कुठलंसं सेटिंग बदलून सुटलं. मग मुलगी पडद्यासमोर छान तोंड करून बसली. मिस कडाडल्या, "तुझा चेहरा मला कशाला पाहिजे? फोन बाजूला ठेव. साइडला! खाली, पट्ट्यांच्या लेव्हलला!" फोन डाव्या बाजूला, डब्यांच्या उतरंडीवर, कोपर आणि मनगट दिसेल असा बसवला गेला. त्या काळात मिसना पडद्यावर मुलीचा दंड आणि मागे वहिनींचं कपाट दिसायचं, आणि तेवढ्यावर त्या शिकवायच्या. खाली आवाज वाढला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की भांडण इंटरनेटचं नव्हतंच. मॅनेजरसाहेब पडद्याकडे बघतात. मिस पडद्यातून बघायच्या.

आता परीक्षाही व्हिडिओवरून होतात. लंडनच्या ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही परीक्षा मंडळांच्या. घरी वाजवायचं, चित्रण करायचं, पाठवायचं. मॅनेजरसाहेबांनी पहिल्या ग्रेडला बसायचं ठरवलं होतं. पण चित्रण वरून नव्हे तर बाजूने करायचं, हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत, असं नातीने सांगितल्यावर त्यांनी एकदा तसं चित्रण केलं आणि पाहिलं. नंतर आठवडाभर वरून काहीही ऐकू आलं नाही.

आठवड्याने ते स्वतः खाली आले. चहा झाला, सोसायटीच्या टाकीचा विषय झाला. मग म्हणाले, "नात म्हणते, तुम्हाला सगळं ऐकू येतं."

मी म्हणालो, "सूर नाही येत."

"ते नकोच. आपटतंय का, ते सांगाल?"

मिसकडे जायला त्यांना संकोच वाटतो. त्या वयाने त्यांच्याच बरोबरीच्या, पण सगळ्यांना 'तू' म्हणतात. शिवाय त्यांच्या दारात रांगेत सगळी फ्रॉकमधली मुलं. त्यामुळे व्यवस्था अशी ठरली की संध्याकाळी सात वाजता ते वाजवतील आणि मी खालून मेसेज करीन. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'चौथा सूर आपटला.' त्यांचं उत्तर आलं, 'ॲपनुसार परफेक्ट.' मी लिहिलं, 'स्लॅबनुसार नाही.' त्यानंतर बराच वेळ शांतता होती, आणि मग तेच सरगम पुन्हा आलं, अगदी सावकाश, अंगठ्यापाशी दबकत. मी लिहिलं, 'आता बरं.' दुसऱ्या दिवशी ते वाद घालायला लागले, रशियन बाईंचा दुवा पाठवला. तिसऱ्या दिवशी, मला नातीकडून कळलं, त्यांनी करंगळीचं नख कापलं. माझी बायको तिच्या माहेरच्यांना सांगते आहे की हे हल्ली पियानो शिकवतात.

मग गणपतीला आम्ही आठवडाभर गावी गेलो. परत आल्यावर बॅगा उतरवताना मॅनेजरसाहेब जिन्यात भेटले. मी विचारलं, वॉल्ट्झ कुठवर आला?

"नाही वाजवलं," ते म्हणाले. "तुम्ही नव्हता ना खाली."

फीचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही.